सैनिकाच्या मनाची जखम व तिचें औषध

सातारा तालुक्यांतील अपशिंगे हें गांव ‘मिलिटरी अपशिंगे’ या नांवानें सर्वांस ठाऊक आहे. पहिल्या महायुद्धांत (१९१४–१८) या एका गांवचे ४६ जवान रणांत पडले. त्यांचें स्मारक गांवांत उभें आहे. पडलेल्यांची गणती अशी दगडावर राहिली. परंतु अंगावर एकहि व्रण नसतां जे परतले व रात्रीं दचकून उठूं लागले, त्यांची गणती कोणीं ठेविली? अशा मनुष्यास बाहेरची बाधा झाली असें समजून देवऋषी गांठावयाचा, ही आपल्याकडील जुनी चाल. सातारा-सांगलीकडील आमच्या वाचकांपैकीं अनेकांचे वडील, चुलते अथवा बंधु फौजेंत आहेत. म्हणून हा विषय आम्हीं हातीं घेतला आहे.

१९१५ सालीं चार्ल्स मायर्स या इंग्रज डॉक्टरांनीं या विकाराविषयीं ‘शेल शॉक’ या नांवाखालीं लिहिलें. तोफगोळ्याच्या हादऱ्यानें मेंदूस इजा होते, असा प्रथम समज होता. पुढें ज्यांच्याजवळ गोळा फुटलाच नव्हता, असेहि शिपाई त्याच लक्षणांनीं पीडित आढळले. त्या काळीं विश्रांति व झोंपेचीं औषधें यांपलीकडे डॉक्टरांच्या हातीं फारसें कांहीं नव्हतें.

मौज अशी कीं, मनोविकारांवरील पुढचीं दोन मोठीं औषधें लष्करी डॉक्टरांमुळेंच पुढें आलीं. ऑस्ट्रेलियाचे जॉन केड हे चांगी येथें जपान्यांच्या कैदेंत तीन वर्षांहून अधिक काळ होते. १९४९ सालीं त्यांनीं लिथियमचा गुण प्रसिद्ध केला. फ्रेंच आरमाराचे शस्त्रवैद्य आंरी लाबोरी हे शस्त्रक्रियेंतील धक्का टाळणारें औषध शोधीत होते. त्या खटाटोपांतून १९५२ सालीं क्लोरप्रोमाझीन मनोरुग्णांस मिळालें.

युद्धाच्या आघातानें जडणाऱ्या विकारावर आज सर्ट्रालीनसारखीं औषधें देतात. त्यांच्या जोडीस तज्ज्ञांशीं बोलून करावयाचे उपचारहि असतात. ही झोंपेची गोळी नव्हे व तिचें व्यसनहि लागत नाहीं. मात्र गुण दिसण्यास कांहीं आठवडे लागतात, आणि येथेंच घात होतो. सुटीवर आलेला जवान दहा दिवसांत गुण नाहीं म्हणून गोळी टाकतो, किंवा पाकीट पाहून घरचींच माणसें विचारतात, “हें वेड्याचें औषध तुला कशाला रे?” औषध एकाएकीं तोडल्यास घेरी येते, चिडचीड वाढते, झोंप उडते, व मूळचें दुखणें उलटण्याचा संभव असतो. मात्रा उतरविणें तें डॉक्टरांनींच, हळूहळू.

जवान दुखणें लपवितो, त्याचें कारण आम्हीं क्षुल्लक मानीत नाहीं. फौजेंत वैद्यकीय श्रेणी ठरवितांना जीं पांच अंगें पाहतात, त्यांतील पहिलें मनाचेंच आहे. श्रेणी उतरली तर बढती अडेल, ही भीति खरी आहे. परंतु दुखणें दडवून हातीं बंदूक वागविणें हें त्याहून भयंकर.

डिसेंबर २०२३ मध्यें पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयांत ‘टेलि मानस’ या सरकारी सेवेचा, सैनिक व त्यांचे कुटुंबीय यांच्यासाठीं, निराळा कक्ष उघडला. सेवेचा दूरध्वनि १४४१६. त्यास पैसे पडत नाहींत, मराठींत बोलतां येतें, आणि घरचें माणूसहि तो करूं शकतें.