तीन अंशांचं पाणी

मी पोहायला शिकलो मालवणात आणि टाकी पाठीवर बांधून खाली जायला शिकलो तारकर्लीत. तिथलं पाणी २८ अंशांच्या आसपास असतं. सूट घातला काय, नुसता टीशर्ट घातला काय, फारसा फरक पडत नाही. पुढे नोकरीनिमित्त टोरांटोला आलो तेव्हा माझ्या वहीत दोनशेच्या वर डाइव्ह होते, सगळेच्या सगळे कोमट पाण्यातले. इथल्या एका अनुभवी डायव्हरला मी तो आकडा ऐटीत सांगितला. निवृत्त अग्निशामक, वय साठीच्या पुढे. त्याने आकडा ऐकून घेतला आणि विचारलं, "यातले दहा अंशांच्या खालचे किती?" मी गप्प. एका हिवाळ्यात ड्रायसूटचा, म्हणजे अंग कोरडं ठेवणाऱ्या सूटचा, कोर्स केला, तोही गरम पाण्याच्या तलावात, आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मीच त्याच्या मागे लागलो, की आता नदीत जाऊ.

नदी म्हणजे सेंट लॉरेन्स. ऑन्टॅरिओ सरोवराचं पाणी घेऊन ती समुद्राकडे निघते आणि किंग्स्टनपासून पुढे तिच्या तळाशी जुन्या बोटी ठिकठिकाणी पडून आहेत. गोडं पाणी, त्यामुळे लाकूड पोखरणारे समुद्री किडे नाहीत. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची लाकडी बोट तिथे अजून बोट म्हणून ओळखू येते. त्यात १९८०च्या दशकात जहाजांबरोबर आलेल्या झेब्रा शिंपल्यांनी पाणी गाळून गाळून इतकं निवळ केलंय, की वसंताच्या सुरुवातीला, शेवाळ वाढायच्या आत, लांबवरचं दिसतं. म्हणून तर लोक बर्फ वितळताच तिथे धावतात. आम्हाला बघायची होती कार्डिनल गावाजवळची 'कॉनेस्टोगा'. १८७८ साली बांधलेली ही वाफेवरची बोट १९२२ साली गहू भरून चालली असताना कालव्याच्या लॉकपाशी पेटली आणि तिथल्याच पाण्यात जळून बसली. तळ जेमतेम पंचवीस-तीस फुटांवर, किनाऱ्यापासून जवळ. कागदावर अगदी सोपा डाइव्ह.

पहाटे पाचला निघालो. नदीवर पोचलो तेव्हा हवा शून्याच्या खाली, वारा सुटलेला. पाण्यावरून बर्फाचे तुकडे वाहत होते, काही ताटाएवढे, काही जेवणाच्या टेबलाएवढे. तिथे मी पहिली चूक केली आणि ती अगदी सवयीने केली. रेग्युलेटर नीट चालतोय का बघायला तो तोंडात धरून चार-पाच श्वास घेतले, वर बटण दाबून फुस्सकन हवाही सोडली. तारकर्लीत प्रत्येक डाइव्हआधी हेच केलं होतं. जोडीदार, म्हणजे तोच निवृत्त अग्निशामक, पलीकडे सूटची चेन लावत होता. त्याने पाहिलं असतं तर तिथेच हात धरला असता.

यामागचं कारण नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. टाकीत हवा सुमारे २०० बार दाबाने कोंबलेली असते. रेग्युलेटरचा पहिला टप्पा तो दाब एकदम उतरवून भोवतालच्या दाबाहून साधारण १० बार वर आणतो. हवा अशी पसरली की थंड होते. सायकलच्या ट्यूबची हवा सोडताना व्हॉल्व्ह बोटाला गार लागतो, तसंच. कोमट समुद्रात भोवतालचं पाणी ही थंडी भरून काढतं. पण तीन अंशांच्या पाण्याकडे देण्यासारखी ऊबच नसते. झडपेभोवती बर्फ धरतो, झडप उघडी राहते, हवा धोधो सुटते आणि सुटलेल्या हवेने थंडी आणखी वाढते. तोंडातल्या दुसऱ्या टप्प्यात तर उच्छ्‌वासातला ओलावा असतोच. गोठत्या हवेत चार श्वास घेतले की तो ओलावा पाण्यात शिरायच्या आधीच गोठायला लागतो. तेव्हा थंडीत रेग्युलेटर तपासायचा घरी, ऊबेत. किनाऱ्यावर तो कोरडा ठेवायचा, आणि पहिला श्वास तोंड पाण्याखाली गेल्यावर घ्यायचा.

थोडं वर चालत जाऊन आम्ही पाण्यात उतरलो आणि प्रवाहाबरोबर बोटीवर पोचलो. उघड्या गालांना पाणी लागलं तेव्हा छाती एकदम आखडली, श्वास आपोआप आत ओढला गेला. हे मला माहीत होतं. मॅनिटोबा विद्यापीठातले गॉर्डन गीसब्रेश्ट यांनी थंड पाण्यात पडणाऱ्यांसाठी १-१०-१ असा हिशेब मांडलाय: श्वासावर ताबा यायला एक मिनिट, हातपाय कामाचे राहतात ती दहा मिनिटं, आणि गारठून शुद्ध जायला साधारण एक तास. तो ड्रायसूट नसलेल्यांसाठी आहे. पण त्यातला पहिला आकडा सूट घातलेल्यालाही चुकत नाही. त्या मिनिटभरात खाली जायचं नाही, किनाऱ्याजवळ कमरेएवढ्या पाण्यात चेहरा बुडवून थांबायचं. मी थांबलो नाही.

बोटीच्या बाजूला धरून मी प्रवाहात लोंबकळत होतो. एक नॉट हा वेग ऐकायला किरकोळ वाटतो, पण त्याचा अर्थ मिनिटाला तीस मीटर, आणि धडधाकट माणूसही त्याच्याविरुद्ध फार वेळ पोहू शकत नाही. शिवाय वेग दुप्पट झाला की ओढ चौपट होते. मला धाप लागली. श्वास जोरात म्हणजे रेग्युलेटरमधून हवा जास्त, म्हणजे थंडीही जास्त. त्यातच सूट अंगाला आवळायला लागला, म्हणून मी त्यात हवा भरायचं बटण दाबलं आणि तीन-चार सेकंद दाबूनच ठेवलं. त्याच वेळी श्वास घेत होतो.

आवाज आधी आला. कानाशी कुणीतरी प्रेशर कुकरची शिटी उचलून धरावी तसा. मग तोंडात थंड हवेचा लोंढा आणि डोळ्यांसमोर नुसते बुडबुडे. मीटरचा काटा २२०० पीएसआयवर होता, तो हलताना दिसत होता. शिकल्याप्रमाणे मी ऑक्टोपसकडे, म्हणजे राखीव दुसऱ्या टप्प्याकडे, हात नेला. हातमोज्यांतली बोटं लाकडाची झाली होती, तो सापडेना. सापडला असता तरी काय? तोही त्याच पहिल्या टप्प्यावर, त्याच गोठलेल्या झडपेवर बसलेला.

जोडीदाराने माझा पट्टा धरला. त्याच्या टाकीशेजारी छोटी दुसरी टाकी होती, तिला तिचा स्वतंत्र पहिला टप्पा. तिचा रेग्युलेटर त्याने माझ्या तोंडात कोंबला, मागे हात घालून माझ्या टाकीची चावी बंद केली. सगळं धुकं विरल्यासारखं झालं. मग अंगठा वर केला आणि आम्ही बोट सोडली.

खरी भीती मला त्यानंतर वाटली. वर आलो तेव्हा ठरलेली बाहेर पडायची जागा मागे गेली होती, आणि पुढे एका वळणाशी किनाऱ्याला बर्फाची कड चिकटून राहिलेली. प्रवाह तिच्याखाली शिरत होता. तशा कडेवर पाणी तुम्हाला नेऊन आदळवतं आणि मग पायांपासून आत ओढतं. जोडीदाराने आधीच नारिंगी बोया वर सोडला होता; मला धरून तो तिरका, किनाऱ्याच्या दिशेने पोहत राहिला आणि कड यायच्या आधीच्या दगडांत आम्ही कसेबसे लागलो. गुडघे सोलवटले. त्या रात्री फोनवर मी बाबांना सगळं सांगितलं. बाबा आयुष्यभर रापणीवर, मासेमारीला, गेलेले. त्यांनी टाकी, झडप, बर्फ सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "भायर येवची वाट आधी बघितलंस?"

नव्हती बघितली. आम्ही उतरायची जागा पाहिली, बोट कुठे ते पाहिलं, तिच्या खालच्या अंगाचा किनारा तेवढा सोडला. आता मी गाडीतून उतरलो की आधी खालच्या अंगाला अर्धा-पाऊण किलोमीटर चालतो. बाहेर पडायच्या दोन जागा नक्की करतो. दोन सापडल्या नाहीत तर डाइव्ह होत नाही. बर्फाची कड, पाण्यात वाकलेली झाडं, वाहून आलेले ओंडके, सगळं पाहून ठेवतो. बर्फाचा एक तुकडा डोळ्यासमोर धरून वीस पावलांचं अंतर जायला त्याला किती वेळ लागतो तेही मोजतो. सेंट लॉरेन्सवर आणखी एक भान ठेवावं लागतं: मार्चअखेर जलमार्ग उघडतो आणि ७४० फुटी मालवाहू जहाजं पुन्हा सुरू होतात. झेंडा आणि बोया त्यांच्यासाठी पुरेसे नाहीत, त्यांच्या वाटेत असायचंच नाही.

तो रेग्युलेटर मी दुरुस्तीला नेला. दुकानदाराने उघडला, पुसला, पुन्हा बसवला आणि म्हणाला, बिघाड काहीच नाही. मग उलटा करून त्याच्यावर कोरलेली बारीक अक्षरं दाखवली: १० अंशांच्या वरच्या पाण्यासाठी. भारतात असताना घेतलेला, पाच वर्षं रोज हाताळलेला, आणि ती अक्षरं मी कधी वाचली नव्हती. युरोपच्या ईएन २५० मानकात १० अंशांखालच्या पाण्यासाठी वेगळी चाचणी असते. ती पार केलेला, आत पाणी शिरणार नाही असा बंदिस्त पहिला टप्पा घ्या. त्यावरही पूर्ण भरवसा टाकू नका. स्वतंत्र पहिल्या टप्प्याची दुसरी टाकी जवळ असलीच पाहिजे. सूटमध्ये आणि तरंगायच्या जॅकेटमध्ये हवा भरायची ती टिचकीसारखी, थोडी थोडी, एका वेळी एकातच, आणि तेवढ्यापुरता श्वास घेणं थांबवून नव्हे तर बाहेर सोडत असताना. श्वास कधीच रोखायचा नाही, हे तारकर्लीत शिकलेलं इथेही तेवढंच खरं. हवा सुटलीच तर तोंड घट्ट न मिटता ओठांच्या कडेने जादा हवा जाऊ द्या, लागेल तेवढी चोखून घ्या आणि वर निघा. हे एकदा तरी तलावात, जाड हातमोजे घालून करून बघा.

कानटोपीखाली एका कानात आधी थंड पाणी गेलं तर भोवळ येते, दिशा कळेनाशा होतात. घाबरू नका, काहीतरी धरून थांबा, पाणी कानात तापलं की ती उतरते. बाहेर आल्यावर हातपाय चोळू नका, लगेच कढत पाण्याखाली उभं राहू नका, टाक्याही स्वतः उचलून गाडीत टाकू नका. कोरडे कपडे, टोपी, गोड चहा.

चहावरून आठवलं. जोडीदार नेहमी दोन थर्मास आणतो. एकातलं कोमट पाणी उतरण्याआधी हातमोज्यांत आणि टोपीत ओतायचं. बोटं तेवढी जास्त वेळ आपली राहतात. दुसऱ्यात कॉफी. गेल्या एप्रिलमध्ये आम्ही त्याच काठावर पुन्हा उभे होतो. मी खालच्या अंगाला चालत गेलो, परत आलो. त्याने माझ्याकडे पाहिलं, काही न विचारता पाण्याचा थर्मास पिशवीत ठेवला आणि कॉफीचा उघडला.