आखाडा बदलला, डाव तेच!



घाटकोपर, मुलुंड, बोरिवली, कुठेही बघा, जुन्या इमारती रीडेव्हलपमेंटला जात आहेत. गाळा रिकामा करायची नोटीस आली की दुकानदार म्हणतो, "आता सगळं शून्यापासून!" खरंच शून्यापासून? आज दोन पैलवानांकडून याचं उत्तर घेऊया.

पहिले जपानचे शोहाची इशी. हे मुळात ज्युडोचे खेळाडू. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानवर अमेरिकेचा अंमल आला आणि शाळांतून ज्युडो बंद झाला. इशी कुस्तीकडे वळले. ज्युडोतला तोल आणि पकड अंगात होतीच, नियम तेवढे नवे शिकायचे होते. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ५७ किलो गटाचं सुवर्णपदक त्यांनीच जिंकलं.

दुसरे आपले खाशाबा जाधव, कराडजवळच्या गोळेश्वरचे. लाल मातीत तयार झालेले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला मॅट नवी, नियमही नवे; तरी सहावे आले. पुढची चार वर्षं तयारीत घातली. हेलसिंकीला जायला पैसे कमी पडले, तेव्हा गावकऱ्यांनी वर्गणी काढली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर राहतं घर गहाण ठेवून ७,००० रुपये दिले. तिथे खाशाबा इशींकडून हरले, पण कांस्यपदक घेऊन परतले. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक!

आता वही घ्या, तीन रकाने पाडा.

१. सोबत काय येणार? नेहमीच्या गिऱ्हाइकांचे नंबर, उधारीवर माल देणारा होलसेलर, तुमच्या हातातली कला. हे तुमचे डाव.

२. नवं काय शिकायचं? ऑनलाइन ऑर्डर, नव्या गल्लीतली मागणी, वाढीव भाड्याचं गणित. ही तुमची मॅट. पहिल्या वर्षी सहावा नंबर आला तरी चालेल, पण कुठे कमी पडलो ते लिहून ठेवा.

३. तुमचे खर्डेकर सर कोण? डिपॉझिटसाठी कोण विश्वासाने पैसे देईल? नाव लिहा, आणि शेजारी परतफेडीची तारीखही लिहा. खाशाबांनी परत आल्यावर कुस्त्या लढून ते कर्ज फेडलं. पदक एकदाच मिळतं हो, पत मात्र रोज लागते.

आज रात्री दुकान बंद केल्यावर हे तीन रकाने भरा. पहिला रकाना रिकामा राहणार नाही. म्हणजेच तुम्ही शून्यावर नाही!