घोड्याच्या पोटात कळ येते तेव्हा

फाल्गुन महिना होता. ज्वारी निघाली होती. रानं मोकळी झाली होती. सासवडच्या अलीकडं एका शेतात धनगरांचा वाडा उतरला होता. मेंढ्या रात्रभर शेतात बसतात. त्यांच्या लेंड्यांचं खत शेताला मिळतं. त्याबद्दल शेताचा मालक धनगराला धान्य देतो. त्या दिवशी मालकानं अर्धं पोतं ज्वारी दिली. पोतं घोडीजवळच ठेवलं गेलं. त्याचं तोंड बांधायचं राहिलं.

मध्यरात्र उलटली. घोडी पुढच्या पायानं जमीन उकरू लागली. मान वळवून कुशीकडं बघू लागली. खाली बसली, उठली, पुन्हा बसली. मग लोळू लागली. अंगाला घाम सुटला. बॅटरी लावून पाहिलं, तर पोतं निम्मं रिकामं!

आबा म्हणाले, "पोट धरलंय तिचं. गोडं तेल आन. बाटलीनं पाजू."

सूनबाई म्हणाली, "मामंजी, जरा थांबा. आधी डाक्टरास्नी फोन लावते."

तालुक्याच्या डॉक्टरांचा नंबर तिनं वहीत लिहून ठेवला होता. फोन लागला. डॉक्टरांनी पहिलं वाक्य सांगितलं ते असं: "तोंडातून काहीही पाजू नका. मी निघतो."

तेल का पाजायचं नाही? ते समजून घेऊ.

बैलाला बाटलीनं तेल पाजलेलं आबांनी शंभर वेळा पाहिलं होतं. त्यांचा काही दोष नव्हता. पण बैलाचं पोट वेगळं, घोड्याचं वेगळं. गाय-बैल रवंथ करतात. खाल्लेलं पुन्हा तोंडात आणतात. घोडा रवंथ करत नाही. घोड्याला ओकताही येत नाही. अन्ननळी जिथं पोटात उतरते तिथं स्नायूंचं कडं असतं. घोड्यात ते फार घट्ट असतं. आत गेलेलं वरच्या वाटेनं परत येत नाही. त्यात जनावर एवढं मोठं, पण त्याचं जठर लहान. आपल्या घागरीएवढंच म्हणा ना. त्यात धान्य फुगलं, वायू धरला, तर जायला वाट नाही. फारच ताण आला तर जठर फुटतं. मग कुणाचाच इलाज चालत नाही.

अशा वेळी वरून तेल ओतलं तर काय होईल? भरल्या पोटात आणखी भर पडेल. आणि दुखण्यानं बेजार झालेलं जनावर नीट गिळत नाही. तेल श्वासनळीत जातं, तिथून फुप्फुसात उतरतं. पोटदुखीतून वाचलेला घोडा मग फुप्फुसाच्या सुजेनं मरतो. नाकातून पाजणं तर त्याहून वाईट.

डॉक्टर यायला दोन तास लागणार होते. तोवर काय करायचं, ते त्यांनी फोनवर सांगितलं.

घोडीपुढचा चारा, कडबा, चंदी सगळं काढून घ्या. पाणी द्यायचं की नाही, ते घोड्याची हकीकत सांगून डॉक्टरांनाच विचारा. आमच्या आबांना त्यांनी "सध्या नको" असं सांगितलं. दगडगोटे नसलेल्या मोकळ्या जागी जनावर न्या. गप्प पडून राहत असेल तर पडू द्या. उगीच मारून उठवू नका. लोळायला लागलं तर दहा-पंधरा मिनिटं हळूहळू चालवा. पळवायचं नाही. रात्रभर फेऱ्या मारून घोडा दमवायचाही नाही. लोळताना मात्र जवळ जाऊ नका. त्या वेळी जनावर मालक ओळखत नाही. एक लाथ बसली तर दवाखान्यात दोघं जातील.

आणि औषधाच्या दुकानातून आणलेलं दुखणं थांबवायचं इंजेक्शन आपल्या हातानं देऊ नका. दुखणं दबतं, घोडा शांत होतो, आपल्याला वाटतं बरा झाला. आतलं बिघडलेलं तसंच वाढत राहतं.

मग डॉक्टर म्हणाले, "नाडी मोजा. दर अर्ध्या तासानं मोजा. लिहून ठेवा."

घोड्याची नाडी कुठं लागते? खालच्या जबड्याच्या हाडाच्या कडेला, आतल्या अंगानं बोटं फिरवा. दोरीसारखी शीर हाताला लागते. ती बोटानं अलगद दाबा. अंगठा वापरू नका, कारण अंगठ्यात आपलीच नाडी लागते. घड्याळ किंवा मोबाइल समोर धरा आणि एक मिनिट ठोके मोजा. मोठ्या घोड्याची नाडी शांत असताना मिनिटाला २८ ते ४४ असते. शिंगराची जास्त असते. दुखण्यानं ती वाढते. ६० च्या वर गेली आणि खाली येईना, तर दुखणं जबर आहे.

शीर सापडायला पहिल्यांदा वेळ लागतो. म्हणून घोडा बरा असतानाच दोन-चार वेळा मोजून पाहावी. आपल्या जनावराची नेहमीची नाडी किती, हेही मग कळतं.

ओठ उचलून हिरडीही बघा. निरोगी हिरडी गुलाबी आणि ओली असते. बोटानं दाबली की पांढरी पडते. बोट काढल्यावर दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी होते. जास्त वेळ लागला, किंवा हिरडी लालभडक, काळपट नाहीतर पांढरीफटक दिसली, तर तेही डॉक्टरांना कळवा. लीद टाकली का? केव्हा टाकली? हेही ध्यानात ठेवा.

सूनबाईनं कागदावर लिहिलं:

१ वाजता – नाडी ५२. लीद नाही.
१॥ वाजता – नाडी ६०. लीद नाही. घाम.
२ वाजता – नाडी ६४. लीद नाही. दोनदा लोळली.

अक्षर वाकडं होतं. आकडे मात्र स्वच्छ होते. डॉक्टर तीन वाजता आले. त्यांनी घोडीआधी कागद हातात घेतला. दुखणं चढतंय की उतरतंय, हे त्यांना त्या तीन ओळींत दिसलं.

त्यांनी पोटाला दोन्ही बाजूंनी नळी लावून आवाज ऐकला. हातमोजा घालून आतून तपासलं. मग लांब रबरी नळी नाकातून हळूहळू जठरापर्यंत घातली. नळीतून वायू सुटला. आंबूस पाणी आणि ज्वारीचे दाणे बाहेर आले. घोडीनं मान खाली टाकली आणि फुरफुरली. मग डॉक्टरांनी त्याच नळीतून तेलासारखं औषध आत सोडलं.

आबा म्हणाले, "मग म्या तरी काय येगळं सांगत हुतो?"

डॉक्टर हसले. "आबा, हे तेल वेगळं आहे, आणि वाटही वेगळी आहे. आधी पोट रिकामं केलं. नळी पोटातच आहे, याची खात्री केली. मगच सोडलं."

या घोडीच्या आतड्याला पीळ बसला नव्हता. पीळ बसला असता तर ऑपरेशनशिवाय इलाज नाही, आणि तसं ऑपरेशन फार थोड्या ठिकाणी होतं. तिथं एकेक तास मोलाचा असतो. पोटदुखी साधी की पिळाची, हे आपल्याला बाहेरून ओळखू येत नाही. म्हणून सकाळपर्यंत वाट बघू नये.

१९६२ हा सरकारचा जनावरांच्या दवाखान्याचा फुकट फोन आहे. मात्र रात्री-अपरात्री गाडी मिळेलच असं नाही. जवळच्या डॉक्टरांचा नंबरही वहीत असावा. वाडा नव्या तालुक्यात उतरला की तिथला नंबर आधी विचारून घ्यावा.

जाताना डॉक्टर एक गोष्ट बजावून गेले. धान्य जास्त खाल्लेल्या घोड्याचे खूर पुढं एक-दोन दिवसांत धरतात. खूर तापतो. घोडा पुढचे पाय टेकवायला कचरतो, अंग मागं टाकून उभा राहतो. तसं दिसलं तर चालवायचं नाही. पाय थंड पाण्यात ठेवायचे आणि लगेच फोन करायचा.

सकाळी घोडीनं लीद टाकली. लीद पाहून एवढा आनंद वाड्यावर कुणाला कधी झाला नव्हता! डॉक्टरांना विचारून दुपारी मूठभर हिरवं गवत दिलं. ज्वारी नाही. सूनबाई दोन दिवस सकाळ-संध्याकाळ खुरांना हात लावून बघत होती. खूर थंड होते.

वाडा तीन दिवस हलला नाही. चौथ्या दिवशी निघाला. घोडी बरोबर चालत होती, पण तिच्या पाठीवर ओझं नव्हतं. बिऱ्हाड दुसऱ्या तट्टावर लादलं होतं. ज्वारीच्या पोत्याचं तोंड आबांनी स्वतः सुतळीनं शिवलं होतं.