बंद घड्याळातील सेल

क्वार्ट्झ घड्याळ पेटीत ठेवून दिले की ते सुरक्षित राहते, अशी समजूत सर्वत्र आढळते. ती बरोबर नाही. काटे थांबले तरी सेलमधील रासायनिक क्रिया पूर्णपणे थांबत नाही.

झाशीसारख्या गावी हा धोका अधिकच वाढतो. बुंदेलखंडाच्या या खडकाळ प्रदेशात मे महिन्यात तापमान कित्येकदा ४५ अंश सेल्सिअसच्या वर जाते. पुढे पावसाळ्यात हवा दमट होते. उन्हाने तापणाऱ्या भिंतीतील कपाटात काही वर्षे पडून राहिलेले घड्याळ उघडले, तर सेलभोवती पांढरी भुकटी साचलेली दिसण्याचा संभव असतो.

याचे कारण सेलच्या रचनेत आहे. मनगटी घड्याळातील बटणाएवढा सेल बहुधा सिल्व्हर ऑक्साइडचा असतो. त्याचा विद्युत् दाब सुमारे १.५५ व्होल्ट असतो. एका बाजूस जस्ताची पूड, दुसऱ्या बाजूस सिल्व्हर ऑक्साइड आणि त्यांच्या जोडीला पोटॅशियम किंवा सोडियम हायड्रॉक्साइडचा दाहक द्राव, अशी ही योजना होय. हा द्राव प्लास्टिकच्या एका बारीक वळ्याने आत कोंडलेला असतो. द्रावाची जस्तावर क्रिया होऊन सूक्ष्म प्रमाणात हायड्रोजन वायू निर्माण होतो. उष्णतेने ही क्रिया वाढते, आतील दाब चढतो, वळे सैल पडते आणि द्राव पाझरू लागतो. हवेतील कार्बन डायऑक्साइडशी संयोग होऊन त्याचे कार्बोनेट बनते; पांढरी भुकटी ती हीच. केसासारख्या तारेच्या वेटोळ्यापर्यंत द्राव पोचला, तर यंत्रणा निकामी होते.

चावी बाहेर ओढून ठेवल्यास काटे थांबतात व वीज कमी खर्च होते. तथापि सेल आतच राहत असल्याने गळतीचे भय टळत नाही. संपलेला सेल तर अधिकच घातक. म्हणून खात्रीचा उपाय एकच: घड्याळ दीर्घकाळ ठेवावयाचे असल्यास घड्याळजीकडून सेल काढून घ्यावा. सेल धातूच्या चिमट्याने दोन्ही कडांना धरू नये. त्यामुळे त्याची दोन्ही टोके जोडली जातात. झाकण पुन्हा घट्ट बसवून घड्याळ सिलिका जेलच्या पुडीसह घरातील थंड, कोरड्या जागी ठेवावे. काढलेला सेल मुलांच्या हाती लागू देऊ नये; तो गिळला गेल्यास अन्ननलिका भाजते.

गळती झालीच असेल, तर भुकटीस उघड्या बोटांनी स्पर्श करू नये. सफाईचे काम घड्याळजीवर सोपवावे, आणि तेही विनाविलंब.

या दक्षतेचे मोल जुन्या घड्याळांच्या बाबतीत विशेष आहे. हिंदुस्थान मशीन टूल्सने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूरला घड्याळनिर्मितीस आरंभ केला. तिची घड्याळ कंपनी बंद करण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने जानेवारी २०१६ मध्ये मान्यता दिली. अशा घड्याळाची यंत्रणा सडली, तर त्याच जातीची दुसरी मिळणे दुरापास्त होते. निवृत्तीच्या वेळी वडिलांना भेट मिळालेले घड्याळ नातवाच्या मनगटावर चालावे, अशी इच्छा असेल, तर मधल्या काळात त्यात सेल राहू देऊ नये.