निघाले, पोहोचले, कळले : प्रशासनातील गतिवाचक क्रियापदांचा विचार

शासनाचा एखादा निर्णय झाला, की तो मंत्रालयातून जिल्ह्याला, जिल्ह्यातून तालुक्याला आणि तालुक्यातून गावाला जातो. या प्रवासाच्या प्रत्येक टप्प्यासाठी मराठीत स्वतंत्र क्रियापद आहे. आदेश निघतो, परिपत्रक जारी होते, टपाल रवाना होते, पत्र पोहोचते, मजकूर कळतो आणि शेवटी नवी पद्धत रुजते. ही क्रियापदे वरवर पाहता एकाच अर्थाची वाटली, तरी तशी ती नाहीत. आदेश निघाला म्हणजे तो पोहोचला असे नव्हे आणि पोहोचला म्हणजे कळला असेही नव्हे. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ अन्वये राज्याचा कारभार मराठीतून चालविण्याचे धोरण स्वीकारण्यात आले. तो कारभार मराठीतून केवळ लिहिला जावा एवढेच पुरेसे नसून तो लोकांना समजावा, हे त्यामागील सूत्र होय. त्या दृष्टीने या क्रियापदांचा अभ्यास उपयुक्त ठरेल.

पाणी, वारा आणि वणवा

माहितीच्या गतीसाठी मराठी भाषेने बहुतेक शब्द निसर्गाकडून घेतले आहेत. पाणी झिरपते, तसे योजनेचे लाभही तळापर्यंत ‘झिरपतात’. नाला तुंबतो, तशी कार्यालयातील प्रकरणेही ‘तुंबतात’. पूर ओसरतो, तशी रोगाची साथही ‘ओसरते’. बातमी वाऱ्यासारखी किंवा वणव्यासारखी पसरते. कीर्ती मात्र सुगंधाप्रमाणे ‘दरवळते’. अफवा कधीही दरवळत नाही, कारण दरवळण्यात चांगुलपणा गृहीत आहे. ‘फोफावणे’ हे क्रियापद तणाला लागू पडते, म्हणूनच ते गैरव्यवहारालाही शोभते. प्रत्येक क्रियापद आपल्याबरोबर असा एक अभिप्राय घेऊन येते, याचे भान लिहिणाऱ्याने ठेवणे आवश्यक आहे.

तत्सम शब्दांच्या बाबतीतही हीच दक्षता हवी. प्रसार, प्रचार आणि प्रसारण या शब्दांची पुष्कळदा अदलाबदल होते. साक्षरतेचा किंवा रोगाचा होतो तो प्रसार. मताचा किंवा उमेदवाराचा केला जातो तो प्रचार. आकाशवाणी व दूरदर्शनवरून होते ते प्रसारण. २०२० मध्ये कोविडच्या साथीत प्रादुर्भाव, संसर्ग व लागण हे शब्द गावोगावी ऐकू आले. प्रादुर्भाव म्हणजे रोग प्रकट होणे, संसर्ग म्हणजे संपर्कातून त्याचा शिरकाव होणे. ‘लागण’ हा शब्द मात्र घरातील वृद्धांनाही ठाऊक होता. म्हणून ‘प्रादुर्भाव टाळण्याकरिता’ या शब्दांपेक्षा ‘लागण होऊ नये म्हणून’ हे शब्द अधिक लवकर समजतात.

कर्ता कोण?

मराठीत अनेक क्रियापदांच्या जोड्या आहेत : पसरणे–पसरविणे, फुटणे–फोडणे, सुटणे–सोडणे, वळणे–वळविणे, कळणे–कळविणे. जोडीतील पहिल्या क्रियापदात घटना आपोआप घडते. दुसऱ्यात ती घडविणारा कोणी तरी असतो. ‘अफवा पसरली’ हे निवेदन आहे, तर ‘अफवा पसरविली’ हा आरोप आहे. ‘प्रश्नपत्रिका फुटली’ असे लिहिल्यास दोष कोणाचाच राहत नाही; ‘फोडली’ म्हणताच ‘कोणी?’ हा प्रश्न उभा राहतो. ‘निधी दुसऱ्या कामाकडे वळला’ असे अहवालात लिहिणे चुकीचे आहे, कारण निधी स्वतःहून वळत नाही. तो वळविला जातो. उलटपक्षी, पुरावा हाती नसताना ‘पसरविली’ असे लिहिणे हा निरपराध व्यक्तीवर अन्याय ठरू शकतो. पंचनामा, इतिवृत्त आणि चौकशी अहवाल लिहिणाऱ्यांनी हा भेद कटाक्षाने पाळावयास हवा.

विसर्ग की पाणी सोडणे?

क्रियापदाच्या निवडीवर जीवितही अवलंबून असू शकते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले आणि पुणे शहरात हाहाकार उडाला. तेव्हापासून ‘धरण फुटले’ या दोन शब्दांत मोठे भय साठलेले आहे. सांडव्यावरून पाणी वाहू लागणे, दरवाजे उघडून पाणी सोडणे आणि धरण फुटणे या तीन अगदी भिन्न घटना होत. पहिल्या दोन पावसाळ्यात नेहमीच्या, तिसरी आपत्तीची. सोडलेल्या पाण्याला कोणी ‘फुटले’ म्हटले, तर अकारण पळापळ होते. परंतु सूचनेचे शब्द अतिशय सौम्य व अनोळखी असतील, तर पळण्याची गरज असूनही कोणी हलत नाही.

‘१०,००० क्युसेक विसर्ग सुरू करण्यात येत आहे’ या वाक्याचा अर्थ अभियंत्यास पुरेपूर कळतो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, म्हणजे सुमारे २८.३ लिटर पाणी. त्या हिशेबाने येथे दर सेकंदाला सुमारे २ लाख ८३ हजार लिटर पाणी नदीत येणार असते. नदीकाठी जनावरे बांधणाऱ्या शेतकऱ्याला मात्र त्या आकड्यावरून काहीच उमगत नाही. त्याच्यासाठी सूचना अशी हवी : ‘आज दुपारी ४ वाजता धरणातून पाणी सोडणार आहेत. नदीचे पाणी वाढेल. जनावरे व मोटारपंप वर न्यावेत. पात्रात कोणी उतरू नये.’ या चार वाक्यांत सोडणे, वाढणे, नेणे आणि उतरणे ही चारही क्रियापदे रोजच्या वापरातील आहेत. दवंडी देणाऱ्याला ती अडखळल्याशिवाय म्हणता येतात आणि ऐकणाऱ्याला ती पुढे जशीच्या तशी सांगता येतात. तोंडोतोंडी जाणारी सूचना बिघडू नये, यासाठी हा गुण महत्त्वाचा आहे.

शाळेत आणि ग्रामसभेत

शिक्षकांना या विषयावर सोपा पाठ घेता येईल. ‘पाणी’, ‘बातमी’, ‘रोग’, ‘वास’ व ‘पैसा’ हे शब्द फळ्यावर लिहून प्रत्येकास कोणती क्रियापदे जुळतात, हे विद्यार्थ्यांना विचारावे. बातमी लागते, फुटते, पसरते. पैसा फिरतो, मुरतो, खुळखुळतो. त्यानंतर ग्रामपंचायतीच्या फलकावरील एखादी सूचना विद्यार्थ्यांकडून सोप्या मराठीत लिहवून घ्यावी. ग्रामपंचायत सदस्यांनीही सूचना लावण्यापूर्वी ती एखाद्या ग्रामस्थास वाचून दाखवावी आणि त्याला काय समजले, ते त्याच्याच शब्दांत ऐकावे.

कार्यालयाच्या जावक नोंदवहीत पत्राची नोंद झाली, की ‘कळविले’ हे क्रियापद पूर्ण होते. ‘कळले’ या क्रियापदाची नोंद मात्र कोणत्याही वहीत होत नाही. ती गावात जाऊनच घ्यावी लागते. या दोन क्रियापदांतील अंतर कमी करणे, हे माहिती देणाऱ्या प्रत्येकाचे खरे काम होय.