क्रोमचा मुलामा

पूर्वीं गल्लींत कल्हईवाला आला म्हणजे मुलें त्याच्या भोंवतीं गोळा होत. कथील फिरतांच काळवंडलेलें भांडें क्षणांत उजळे, आणि सर्वांचें लक्ष त्या एका क्षणाकडेच असे. त्याआधीं त्यानें भांडें किती घासलें, किती तापविलें, नवसागर कसा लावला, हें फारसें कोणी पाहत नसे. पण भांडें मळकट राहिलें तर कथील धरत नाहीं, हें तो पुरतें जाणून असे. आज आम्ही ज्या विद्येविषयीं लिहिणार आहों, तिचें मर्महि हेंच आहे.

जुन्या मोटारींचा जीर्णोद्धार करणारे अनेक हौशी लोक गाडीच्या बॉनेटखालील भागांस क्रोमचा मुलामा देतात. हा मुलामा म्हणजे काय, तो कसा चढतो व कोठें देऊं नये, याचा थोडक्यांत विचार करूं.

क्रोमियम ही धातु फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ व्होकलँ यानें १७९७ सालीं सैबेरियांतील एका तांबड्या खनिजांत शोधून काढली. हिचीं संयुगें नाना रंगांचीं असतात, म्हणून रंग या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून हिला नांव मिळालें. माणकाची लाली व पाचूचा हिरवा रंग हिच्याच अंशामुळें येतो. आपल्या देशांत हिच्या खनिजाचे बहुतेक साठे ओडिशांतील सुकिंदा खोऱ्यांत आहेत. ही धातु अतिशय कठीण असून हवेंत तिच्यावर अदृश्य असें पातळ कवच तयार होतें; त्यामुळें ती काळवंडत नाहीं.

ज्यास आपण क्रोमचा मुलामा म्हणतों, त्यांत क्रोम फारच थोडें असतें. सर्वांत वरचा हा थर साधारणतः पाव ते अर्धा मायक्रॉन, म्हणजे मनुष्याच्या केसाच्या जाडीचा सुमारें दोनशेवा भाग. गंजापासून खरें रक्षण करतो तो त्याखालील निकेलचा थर; उघड्या हवेंतील भागांवर तो वीस-तीस मायक्रॉन जाड लागतो. त्याच्याहि खालीं बहुधा तांब्याचा थर असतो. क्रोम स्वतः कांहींच झांकीत नाहीं. खालीं चरा असेल तर तो चराच चमकूं लागतो! म्हणून मुलाम्याचें बहुतेक काम मुलाम्यापूर्वींच होतें: जुना थर व गंज काढणें, खड्डे भरणें, घासणें, पॉलिश करणें, आणि तेलाचा लेशहि उरणार नाहीं असें धुणें.

विद्यार्थ्यांनीं शिक्षकांच्या देखरेखीखालीं एक प्रयोग अवश्य करून पाहावा. लोखंडी खिळा मोरचुदाच्या द्रावांत बुडविला असतां वीज न लावितांहि त्यावर तांबें चढतें. पण फडक्यानें पुसतांच तें सुटून येतें. थर दिसणें निराळें आणि थर धरणें निराळें. याकरितां कारखान्यांत पोलादावर प्रथम निराळ्या द्रावांतून एक पातळ थर घट्ट बसवून घेतात, व मगच पुढील थर देतात.

शेवटच्या हौदांत दर लिटरला सुमारें २५० ग्रॅम क्रोमिक आम्ल व त्याच्या शंभराव्या हिश्शाइतकें गंधकाम्ल असतें. भाग ऋणाग्रास जोडतात. धनाग्र शिशाचें असतें, व धातु येते ती द्रावांतूनच. विजेचा दहा ते वीस टक्केच भाग क्रोम बसविण्याच्या कामीं येतो. बाकीचीनें मुख्यतः हायड्रोजन वायु निघतो.

या हायड्रोजनांतच एक मोठा धोका आहे. कठीण केलेल्या पोलादांत तो शिरतो व तें ठिसूळ करतो. वरून निर्दोष दिसणारा बोल्ट ताण पडतांच अकस्मात् तुटतो. म्हणून कनेक्टिंग रॉडचे, सुकाणूचे, ब्रेकचे बोल्ट किंवा स्प्रिंगा शोभेसाठीं कधींहि या हौदांत घालूं नयेत. व्हॉल्व्हवरील झांकण, हवेच्या गाळणीचें झांकण, तेल ओतण्याच्या तोंडाचें टोपण, हे भाग मुलाम्यास योग्य. ज्यांतून जळका वायु बाहेर पडतो त्या नळ्यांवरील क्रोम उष्णतेनें पिवळें-निळें पडतें, म्हणून तेथेंहि विचार करावा.

दुसरा प्रश्न सत्याचा आहे. मोटारींवर क्रोम सर्रास आलें तें १९२५ नंतर. त्यापूर्वीं चकाकणारे भाग पितळेचे किंवा निकेलचे असत. फोर्डच्या प्रसिद्ध ‘मॉडेल टी’ गाडीचा रेडिएटर १९१६ पर्यंत पितळी दिसे, व १९१७ पासून त्यावर काळें कवच आलें. अशा गाडीस क्रोमनें मढविणें म्हणजे जुन्या पोथीवर नव्या शाईनें अक्षरें गिरविणें होय. जीर्णोद्धार करणाऱ्यानें प्रथम विचारावें, हा भाग मुळांत कसा होता? पुष्कळदां उत्तर निघतें, साधा काळा रंग.

तिसरा प्रश्न सर्वांत गंभीर आहे. हौदावर उठणाऱ्या वायूबरोबर क्रोमिक आम्लाचे सूक्ष्म तुषार हवेंत पसरतात. ते श्वासावाटे गेल्यास नाकाच्या आंतील पडद्यास छिद्र पडतें, आणि फुप्फुसाचा कर्करोगहि संभवतो. या जातीच्या क्रोम-संयुगांस आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनें १९९० सालीं निश्चित कर्करोगजनक ठरविलें. द्राव नीट शुद्ध न करितां ओतला तर आसपासची जमीन व पाणी दोन्ही विषारी होतात. कमी घातक अशा त्रिसंयुजी क्रोमच्या द्रावांतूनहि आतां मुलामा देतां येतो. त्याची छटा किंचित् निराळी असते, एवढेंच. आपली गाडी कोठें द्यावयाची हें ठरवितांना तेथें वायु खेचून घेणारा पंखा आहे कीं नाहीं, व सांडपाणी कोठें जातें, हें मालकानें पाहावें. केवळ स्वस्त भावाकडे पाहूं नये. त्या भावांतील उणीव कोणीतरी आपल्या छातीनें भरून काढीत असतो.

ख्रिस्तानें चुन्यानें पांढऱ्या केलेल्या कबरांचा दृष्टांत दिला, त्याचें स्मरण येथें झाल्यावांचून राहत नाहीं. परंतु चकाकीस दोष देण्याचें कारण नाहीं. ज्याच्याखालीं निर्मळ पोलाद, घट्ट तांबें व पुरेसें निकेल आहे, तें क्रोम वर्षानुवर्षें उजळ राहतें. पुढें कधीं एखादी जुनी गाडी दृष्टीस पडेल, तेव्हां तिच्या झांकणांत आपलें प्रतिबिंब अवश्य पाहावें. आणि जे हात तें झांकण घासून गेले, त्यांचेंहि स्मरण ठेवावें.