म्वालिमू न्येरेरे
स्वाहिली भाषेत ‘म्वालिमू’ म्हणजे शिक्षक. टांगानिकाची जनता ज्युलियस न्येरेरे यांना याच नावाने ओळखीत असे. पुगू येथील विद्यालयात ते शिकवीत. १९५४ मध्ये ते ‘टानू’ पक्षाचे अध्यक्ष झाले. पुढील वर्षी अध्यापन की राजकारण, असा पेच पडताच त्यांनी नोकरी सोडली. शंभरांहून अधिक जमातींचा हा देश ब्रिटनच्या ताब्यात होता. परंतु स्वाहिली बहुतेकांना समजे, आणि गावोगावच्या सभांतून न्येरेरे तीच बोलत. सशस्त्र लढ्यावाचून ९ डिसेंबर १९६१ रोजी देश स्वतंत्र झाला. (१९६४ मध्ये झांझिबारशी संयोग होऊन त्याचाच टांझानिया झाला, हे नकाशावर दाखवावे.) पंतप्रधानपद मात्र त्यांनी जानेवारी १९६२ मध्येच सोडले व पक्षबांधणीस वाहून घेतले. या पदत्यागाचे कारण मुलांना विचारावे. उत्तर सांगण्याची घाई करू नये.